रोमन नाणे ओळखण्यापूर्वी : जुन्नर-आंबेगावातील शोधकांसाठी

जुन्नरभोवतालच्या डोंगरांत कोरलेल्या दोनशेहून अधिक लेण्यांमधील शिलालेखांत तीन लेख यवन दात्यांचे आहेत: इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी म्हणजे पाण्याची टाकी दिली, चिट याने भोजनमंडप दिला आणि चंद याने लेण्याच्या दर्शनी भागाचे दान केले. यवन म्हणजे मुळात ग्रीक, पण त्या काळी समुद्रमार्गे पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही हे नाव लावले जाई. कल्याण बंदरातून नाणेघाट चढून येणारा व्यापारी मार्ग जुन्नरलाच घाटमाथ्यावरच्या पहिल्या मोठ्या पेठेत पोचत असे, त्यामुळे या परिसरात विहिरीच्या खोदाईत, घराच्या पायात किंवा पावसाने धुपलेल्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखट मातीच्या टेकाडावर, मानवी शीर्ष आणि अनोळखी अक्षरे असलेले नाणे सापडले की ते रोमन असावे असा तर्क केला जातो. हा तर्क ऐतिहासिक दृष्ट्या निराधार नाही. तरीही बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो, आणि तो का चुकतो हे समजून घेणे हीच अशा नाण्याच्या ओळखीची पहिली पायरी आहे.

भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांचे मोठे साठे प्रामुख्याने दक्षिणेत, कोइम्बतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात मिळाले आहेत. महाराष्ट्रातील नोंदी त्या मानाने मोजक्या आहेत. याचे एक कारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत सापडते. रोमन सोन्या-चांदीची नाणी भडोच बंदरात आणली जात आणि तेथील चलनाशी अदलाबदल करताना त्यांवर काही नफा मिळे, असे तीत म्हटले आहे. तसेच कल्याण बंदराचा व्यापार रोखला गेला असून तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असेही नमूद आहे. भडोचवर त्या वेळी सत्ता होती क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची, आणि त्याच नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याने जुन्नरच्या मानमोडी डोंगरात मंडप व पोढी कोरवून घेतल्याचा ४६ व्या वर्षाचा लेख आजही वाचता येतो. नहपानाने चांदीची नाणी फार मोठ्या संख्येने पाडली, आणि त्यांसाठी लागलेल्या चांदीचा काही भाग भडोचला उतरलेली रोमन नाणी वितळवून मिळाला असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. तो मान्य केल्यास रोमन चांदी सह्याद्रीच्या या बाजूला आली, पण बव्हंशी सम्राटाचा चेहरा पुसून आणि क्षत्रपाचा चेहरा घेऊन आली, असे म्हणावे लागते.

म्हणून जुन्नर-आंबेगावात शीर्षाचे चांदीचे नाणे हाती आल्यास ते कोणत्या सम्राटाचे आहे हा प्रश्न मागे ठेवून, ते नहपानाचे तर नाही ना, याची तपासणी आधी करावी. नहपानाचे नाणे आकाराने लहान, सुमारे १५ ते १७ मिलिमीटर व्यासाचे, आणि वजनाने सव्वादोन ग्रॅमच्या आसपास असते. पुढच्या बाजूला उजवीकडे तोंड केलेले राजाचे शीर्ष आणि त्याभोवती ग्रीक वळणाची अक्षरे असतात, आणि फसगत होते ती नेमकी येथेच, कारण ही अक्षरे परदेशी दिसत असली तरी त्यांतून उमटतो तो ग्रीक लिपीत लिहिलेला भारतीय मजकूर, तोही अनेकदा साचा कोरणाऱ्याला लिपी न कळल्यामुळे विस्कटलेला. निर्णायक पुरावा मागच्या बाजूला असतो: मधोमध उभा बाण आणि त्याच्या शेजारी वज्र, भोवती ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींतील लेख. खरोष्ठी ही वायव्य भारतातील, उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी लिपी होय. ब्राह्मी लेख ‘राञो क्षहरातस नहपानस’ असा असून त्यातील दोन-तीन अक्षरे जरी ओळखू आली तरी वाद मिटतो. बाण आणि वज्र हे चिन्हयुग्म कोणत्याही रोमन नाण्यावर या स्वरूपात आढळत नाही, त्यामुळे ज्याला ब्राह्मी वाचता येत नाही त्यानेही नाणे उलटून पाहावे. शीर्षाच्या बाजूचेच छायाचित्र काढून मत मागणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने ही साधी सूचनाही द्यावी लागते.

या नाण्यांचा एक प्रकार अधिक गोंधळात टाकणारा आहे. गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने नहपानाचा पराभव केल्यावर त्याची नाणी गोळा करून त्यांवरच आपला ठसा मारला. अशा नाण्यांना पुनर्मुद्रित नाणी म्हणतात. त्यांवर एका बाजूला तीन कमानींचा चैत्य किंवा पर्वत आणि राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाच्या चार टोकांना वर्तुळे जोडलेले, उज्जयिनी चिन्ह म्हणून ओळखले जाणारे चिन्ह उमटलेले असते, आणि या नव्या ठशाखालून जुने नाक, ओठ, कान किंवा ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावत राहतात. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यात दोन तृतीयांशांहून अधिक नाणी अशी पुनर्मुद्रित होती. शीर्ष अर्धवट आणि त्यावर आडवीतिडवी चिन्हे दिसली की नाणे खराब झाले असे समजून ते टाकून देण्याची किंवा घासून ‘साफ’ करण्याची चूक होऊ नये. ज्याला खराबी समजले जाते तो या भागातील सत्तांतराचा थेट पुरावा असतो, आणि या लेखकाच्या मते जुन्नरसाठी त्याचे मोल सुट्या रोमन नाण्यापेक्षा अधिक आहे.

शीर्ष असलेली इतर प्राचीन नाणी थोडक्यात वेगळी करता येतात. नंतरच्या सातवाहन राजांनी स्वतःची शीर्षांकित चांदीची नाणी पाडली, त्यांवर ग्रीक अक्षरे नसून शीर्षाभोवती ब्राह्मी लेख असतो आणि मागे उज्जयिनी चिन्ह व सहा कमानींचा पर्वत शेजारी शेजारी असतात. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपातील अवशेषांसोबत मिळाले होते. नहपानानंतरच्या पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवर मागे तीन कमानींचा पर्वत, खाली नागमोडी रेषा आणि बाजूंना चंद्रकोर व तारा असून, दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून शीर्षाच्या मागे ब्राह्मी अंकांत शक वर्ष दिलेले असते. मिनँडर किंवा अपोलोडोटस या हिंदी-ग्रीक राजांची नाणी, जी पेरिप्लसच्या काळातही भडोचला चालत होती असे तो ग्रंथ सांगतो, त्यांवरील ग्रीक लेख मात्र शुद्ध आणि वाचनीय असतो, व दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लेख असतो. बहमनी, निजामशाही आणि शिवकालीन नाण्यांवर मानवी शीर्ष नसते, त्यामुळे त्यांची येथे चर्चा करण्याचे कारण नाही.

सोन्याच्या बाबतीत गफलतीची कारणे वेगळी आहेत आणि ती बहुधा जमिनीतून नव्हे, तर घरातील डब्यांतून येतात. व्हेनिस या इटालियन नगरराज्याचे डुकॅट हे नाणे शतकानुशतके भारतात येत राहिले आणि महाराष्ट्रात ते पुतळी या नावाने गळ्यातल्या माळेत ओवले गेले. त्यावर एका बाजूला उभा संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला नगरप्रमुख, तर दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेल्या लंबगोलात उभा येशू असतो. लॅटिन अक्षरे आणि झगे घातलेल्या आकृती यांमुळे ते रोमन वाटते, परंतु ते अतिशय पातळ, साडेतीन ग्रॅमचे असते आणि त्यावर कोणाचेही शीर्ष नसते. स्थानिक सोनारांनी त्याच्या असंख्य नकला केल्या असल्याने अक्षरे निरर्थक झालेल्या पुतळ्याही पुष्कळ आढळतात. दुसरी फसवी वस्तू म्हणजे इंग्रजी गिनी. एडवर्ड किंवा जॉर्ज यांचे शीर्ष, भोवती लॅटिन लेख आणि ७.९९ ग्रॅम वजन, हे सारे रोमन सम्राट ऑगस्टसच्या सुवर्णनाण्याशी आश्चर्यकारकरीत्या जुळते, कारण ते नाणेही सुमारे ७.८ ग्रॅमचे म्हणजे आठ माशांचे असते. परंतु गिनी २२ मिलिमीटर व्यासाची, अगदी गोल आणि कडेला बारीक रेघांचे दाते असलेली असते, तिच्यावर अंकांत साल छापलेले असते. रोमन नाणे १९-२० मिलिमीटरचे, तुलनेने जाड, कडेला गुळगुळीत पण किंचित वेडेवाकडे असते आणि त्यावर आजच्या अंकांतील साल कधीच नसते.

या चाळणीतून जे नाणे पुढे सरकते त्याचे मोजमाप करावे. त्यासाठी ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा सराफी तराजू आणि कॅलिपर एवढी साधने पुरतात. ऑरियस हे रोमन सोन्याचे मुख्य नाणे ऑगस्टसच्या काळात सुमारे ७.८ ग्रॅमचे होते. इसवी सन ६४ मध्ये नीरोने वजन घटवल्यावर ते सुमारे ७.३ ग्रॅमवर आले. डिनारियस हे चांदीचे नाणे त्याच सुधारणेत ३.९ ग्रॅमवरून ३.४ ग्रॅमपर्यंत खाली आले आणि त्यातील चांदीचे प्रमाणही कमी झाले. भारतातील चांदीच्या साठ्यांत ऑगस्टस व तिबेरिअस यांची जुनी, शुद्ध नाणी बहुसंख्य असण्याचे कारण बहुधा हेच आहे, कारण येथील व्यापारी धातू पारखून घेत असत. चौथ्या शतकात कॉन्स्टन्टाइनने सुरू केलेले सॉलिडस हे सुवर्णनाणे सुमारे साडेचार ग्रॅमचे असते. हाती आलेले चांदीचे नाणे सव्वादोन-अडीच ग्रॅमच्या आसपास भरले तर ते डिनारियस नव्हे हे जवळजवळ निश्चित समजावे. झिजेमुळे वजन थोडे घटते, निम्म्यावर येत नाही.

धातूची शुद्धता नाण्याला ओरखडा न काढता तपासता येते. तराजूवर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात असे सोडावे की ते पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही. त्या वेळी दिसणारे वजन हे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे असते. कोरड्या नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. जवळजवळ शुद्ध सोन्याची घनता १९ च्या पुढे, चांगल्या चांदीची १०.३ ते १०.५ आणि पितळेची साडेआठच्या आसपास येते, म्हणजे ७.८ ग्रॅमचे खरे ऑरियस पाण्यात सुमारे ०.४१ ग्रॅम दाखवील, तर त्याच वजनाची सोनेरी पितळी प्रतिकृती ०.९ ग्रॅमच्या पुढे जाईल. चांदीच्या नाण्याची घनता नऊच्या आसपास आल्यास आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा असण्याची शक्यता असते. असे मुलामा दिलेले डिनारियस प्राचीन काळीही बनवले जात, म्हणून केवळ तेवढ्यावरून नाणे आधुनिक ठरवू नये. शिशाच्या, पोटीनच्या म्हणजे कथिलमिश्रित तांब्याच्या किंवा भुकटी सुटत असलेल्या नाण्यांवर मात्र ही पाण्याची परीक्षा करू नये.

नाणे खरोखर रोमन असल्याची चिन्हे दिसू लागली की लेखवाचनाकडे वळावे. रोमन लॅटिन लेखांत ‘यू’ या अक्षराच्या जागी ‘व्ही’ असते, ‘जे’ आणि ‘डब्ल्यू’ ही अक्षरे नसतात. एडवर्डच्या गिनीवरील ‘डब्ल्यू’ एवढ्यावरूनच ती बाद करता येते. लेख संक्षेपांचा बनलेला असतो. ‘आयएमपी’ म्हणजे इम्पेरातोर हे सेनापतिपदावरून सम्राटपदापर्यंत चढलेले बिरुद, ‘एव्हीजी’ म्हणजे ऑगस्टस, ‘पीएम’ म्हणजे प्रधान पुरोहित, ‘टीआर पी’ म्हणजे दरवर्षी नव्याने धारण केला जाणारा ट्रिब्यूनचा अधिकार, ‘सीओएस’ म्हणजे कॉन्सल हे पद. शेवटच्या दोन संक्षेपांपुढे रोमन अंक असतात आणि नाण्याचा काळ ठरवण्याची किल्ली तेथेच असते: ट्रेजनच्या नाण्यावर पाचवे कॉन्सलपद असेल तर ते १०३ ते १११ या काळातील, सहावे असेल तर ११२ नंतरचे होय, आणि त्याच्या नावापुढे डेशियाविजेता असे बिरुद असेल तर ते १०२ पूर्वीचे असू शकत नाही.

भारतात सर्वाधिक आढळणारे दोन प्रकार लक्षात ठेवले तर बरेचसे काम होते. पहिला ऑगस्टसचा, ज्याच्या मागच्या बाजूला त्याचे दत्तक घेतलेले नातू गायस आणि लुशियस हे दोन तरुण समोर तोंड करून उभे असून त्यांच्यामध्ये ढाली व भाले असतात. दुसरा तिबेरिअसचा, ज्याच्या मागे हाती राजदंड आणि डहाळी घेतलेली एक स्त्री आसनावर बसलेली असते व भोवती ‘पॉन्टिफ मॅक्सिम’ असा लेख असतो. लेख पूर्ण पुसला असला तरी ही दोन चित्रे सहसा ओळखू येतात. शिरोभूषणावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो: पहिल्या दोन शतकांत डोक्यावर बहुधा लॉरेलच्या पानांची माळ किंवा नुसतेच केस, तिसऱ्या शतकातील चांदीवर अनेकदा सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट, आणि कॉन्स्टन्टाइननंतर रत्नजडित पट्टी.

भारतीय वापराच्या खुणा वेगळ्या तपासाव्यात. १८९८ मध्ये पुदुकोट्टई येथे सापडलेल्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या शीर्षावर मुद्दाम मारलेला छिन्नीचा घाव आहे, आणि अनेक नाण्यांना, तसेच भारतातच घडवलेल्या त्यांच्या नकलांना, शीर्षाच्या वर दोन छिद्रे पाडलेली असतात, जेणेकरून ती गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ राहावा. घाव वा छिद्र पाहून नाणे बनावट ठरवणे चुकीचे होय. तेर येथे तर तिबेरिअसच्या नाण्यावरून ठसे घेतलेले मातीचे लोलकही मिळाले आहेत. याउलट कडेभोवती साच्याची शिवण, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खळगे, साबणासारखी मऊ गोलाई असलेली अक्षरे, किंवा अगदी एकसारखी दोन नाणी, ही ओतीव प्रतिकृतीची लक्षणे आहेत. प्राचीन नाणी हातोड्याने ठोकून पाडली जात, त्यामुळे ठसा थोडा सरकलेला आणि कडा तडकलेल्या असणे हे स्वाभाविक आहे.

नाणे स्वच्छ करण्याचा मोह टाळावा. चिंच, लिंबू, भांडी घासण्याची पूड किंवा तारेचा ब्रश यांनी जे जाते ते परत येत नाही, आणि सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना तर लाकडी कपाटातील आम्लयुक्त हवाही पांढऱ्या भुकटीत बदलते. चिकटलेली माती तशीच राहू द्यावी, नाणे आम्लविरहित कागदात गुंडाळून ठेवावे आणि तिरप्या उजेडात मोजपट्टीसह दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे घ्यावीत. त्याहून महत्त्वाची नोंद म्हणजे ठिकाणाची: गाव, गट क्रमांक, फोनवर मिळणारे अक्षांश-रेखांश, जमिनीपासूनची खोली, कामाचा प्रकार आणि सोबत मिळालेली खापरे, मणी वा विटा. कुकडी, मीना आणि घोड यांच्या काठच्या पांढरींवरून खापरांसह नोंदवलेले एक झिजलेले नाणेही त्या वस्तीचा काळ ठरवण्यास उपयोगी पडते. ‘जुन्नरकडे कुठेतरी’ एवढीच माहिती असलेले उत्तम नाणे मात्र केवळ एक वस्तू उरते. यास्तव नाणे मिळालेल्या जागी आणखी खणू नये. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी यांसारख्या संरक्षित स्थळांवर तर परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा होतो.

कायदेशीर बाजू १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाने ठरते. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाल्यास तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण व दिनांक यांसह जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. अर्ज जुन्नर किंवा घोडेगाव येथील तहसील कार्यालयात देऊन त्याची पोच अवश्य घ्यावी. अनेकांची समजूत असते की कळवले की सर्व काही जप्त होते. परंतु निधी बेवारस ठरल्यास, आणि शासनाने तो मोबदला देऊन संपादित न केल्यास, शोधणाऱ्याला त्यावर हक्क मिळतो, व जमीनमालकाने दावा केला आणि दोघांत करार नसेल तर तीन चतुर्थांश भाग शोधणाऱ्याचा व एक चतुर्थांश मालकाचा ठरतो.

तज्ज्ञ मतासाठी पुण्यातील डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था ही ठिकाणे सोयीची आहेत; स्वतःच्या डोळ्यांना सवय लावायची असल्यास मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाण्यांचे दालन पाहावे. बाजारातील व्यापाऱ्याकडून ओळख करून घेताना हे ध्यानात असावे की पुरावस्तूंचा व्यापार करण्यास १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार परवाना लागतो आणि नाणे विकत घेऊ पाहणाऱ्याचे मत तटस्थ असतेच असे नाही. घरातील वडिलोपार्जित पुतळीची माळ जमिनीतून मिळालेली नसल्याने निखात निधीच्या तरतुदी तिला लागू होत नाहीत, परंतु ती शंभर वर्षांहून जुनी असल्यास पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती भारताबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलीला किंवा सुनेला ती द्यायची असेल तर माळ तितकी जुनी नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला प्रवासापूर्वी मिळवावा लागतो.